सव्वातीन व्होल्टचा भोंगा

सिनिवा तीस वर्षं मासेमारी होड्यांचे रेडिओ दुरुस्त करत आली होती. सावाई बेटावरच्या तिच्या गावात पुराचा इशारा देणारा भोंगा बसवला, तेव्हा जोडणी पाहूनच तिचं डोकं तडकलं.

नदीचं पाणी चढलं की नवी पेटी भोंग्याला सव्वातीन व्होल्टचा इशारा पाठवायची. भोंग्याचं बोर्ड जुनं, पाच व्होल्टचं. साडेतीनच्या खालचा इशारा ते कधी घेई, कधी नाही. आणि राजधानीहून आलेल्या आनेटोने नावाच्या इंजिनियरने दोन्हींमध्ये नुसती तार ओढली होती.

"मधे व्होल्ट चढवणारा तुकडा हवा," ती म्हणाली. "एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर. अर्ध्या तासाचं काम."

"मावशी, सकाळी वाजला ना? गावाने कान झाकले," तो म्हणाला.

"सकाळी गार होतं. तापलं की व्होल्ट आणखी उतरतात. आता तापल्या पत्र्याखाली वाजव."

पण पाद्रीबाबांचा आशीर्वाद झाला होता. पाहुण्याला आवा हे मानाचं पेय पाजून विणलेली चटई दिली होती. त्यानंतर पुन्हा चाचणी मागायची, म्हणजे देवावर आणि पाहुण्यावर अविश्वास. मुखिया तुआला म्हणाले, "सिनिवा, पाहुणा जेवतोय. गप्प बस."

"नदीकाठी एकवीस घरं आहेत, दादा. पहिलं माझ्या लेकीचं. पूर आल्यावर काय ही चटई पांघरून बसायचं त्यांनी?"

कुणीतरी फिसकन हसलं. ती उठली, सगळ्यांदेखत भोंग्याच्या खोपटात गेली आणि पेटीवरचं चाचणीचं बटण दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. तरी शांत.

आनेटोने हात पुसत आला. "तुमच्या गावची वीजच कमी दाबाची."

"मग मोज." तिने मीटर पुढे केला. त्याने घेतला नाही. तिनेच आधी बोर्डाच्या विजेला, मग पेटीच्या तारेला लावला आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "वीज पुरी पाच, तारेत तीन पॉइंट एक!"

मधला तुकडा बसवायला तिला चाळीस मिनिटं लागली. एक जोड तिला कच्चा वाटला. तो उकलून तिने पुन्हा डाग दिला. मग बटण दाबलं. डुकरं कुंपण तोडून पळाली.

"झालं ना? ये, जेव आता," तुआला म्हणाले.

"एकदा वाजणं म्हणजे वाजणं नव्हे." तिने दहा वेळा वाजवला. दहाही वेळा वाजला.

आनेटोनेने कामाच्या कागदावर लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

"किरकोळ?" सिनिवाने कागदावर बोट ठेवलं. "खोड ते. आधी चुकीचं जोडलं होतं, असं लिही. उद्या दुसऱ्या गावात हेच करशील."

आनेटोनेने मुखियांकडे पाहिलं. तुआला नदीकाठच्या घरांकडे बघत होते.

"लिही," ते म्हणाले.