दत्तूभाऊंच्या हाताचा वेग

दत्तूभाऊ गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नाशिकजवळच्या अंबडच्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या कामात होते. मी नुसतं “बरं” म्हणाले. दीड महिना झाला, त्या ‘बरं’ची लाज अजून जात नाही.

मी तिथे वेल्डिंग तपासायला लागले तेव्हा दत्तूभाऊ सगळ्यांत जुने वेल्डर होते. मखमलाबादकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातले, शाळा अर्ध्यात सोडलेले. माझं काम त्यांच्यामागे घड्याळ लावून उभं राहण्याचं. व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार करायचा, त्याला हाताच्या वेगानं भागायचं, की सांध्यात किती उष्णता गेली ते कळतं. हात रेंगाळला की उष्णता वाढते आणि सांध्यालगतचं पोलाद ठिसूळ होतं. वरून मात्र काहीच दिसत नाही. आमच्या टाक्यांत अतिथंड वायू भरतात, तिथे असा सांधा कधीही तडकू शकतो. मी हे समजावायला लागले तर ते हसले. “ताई, गणित तुमचं, हात माझा. आकडा वाढला की सांगा, मी हात पळवतो.” पुढची नऊ वर्षं मला एकदाही सांगावं लागलं नाही.

मग आकडा वाढायला लागला. आधी मी मशीनचे मीटर तपासून घेतले, मग माझंच घड्याळ. करंट उतरवून पाहिला, तर रॉड चिकटायला लागला, पोलाद नीट वितळेना. दत्तूभाऊ जोर लावून हात पुढे न्यायचे आणि हात मध्येच थबकायचा... डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, पण हाताचा वेग काही परत आला नाही.

एके दिवशी मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा मर्यादेच्या वर. दत्तूभाऊंनी तोंडावरची काळी काच वर केली.

“किती आला?”

“दत्तूभाऊ, उद्या परत बघू या का?”

“उद्या काय हात बदलून आणू? आला तो लिहा, ताई. त्या टाकीजवळ माणसं उभी राहणारेत.”

मी लिहिला. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी त्यांना स्टोअरला बसवलं. बोल्ट मोजायला. आपण दुसरं काय करू शकत होतो, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. मी स्टोअरसमोरून जाताना ते हात वर करायचे आणि मी घाईत असल्यासारखं दाखवायचे. वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली, मग अंथरूण धरलं. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले.

गेल्या रविवारी नाशिक रोडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, बसायला लोखंडी स्टूल पुढे केलं. बसले तर ते डुगडुगलं.

“आजारपणातच केलं त्यांनी, माझ्यासाठी,” काकू म्हणाल्या. “हात चालत नव्हता, तरी ऐकेनात. चार दिवस लागले. एक पाय वाकडा झालाय बघा.”

मी बसल्या बसल्या खाली हात घातला. सांधा जाड होता, जागोजागी फुगलेला. एकेका ठिकाणी हात किती वेळ अडकला असेल, ते बोटांना कळत होतं. इतकी उष्णता गेल्यावर सांधा थंड होताना पाय ओढला जाणारच.

काकूंनी कागदाची घडी करून त्या पायाखाली सरकवली. “आता बसा नीट,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.