भुताकडं वळून बघणारं माणूस पाहिजे

गेम बनवणाऱ्या ऑफिसात काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर खेळत असणार. मी खेळत नाही. मी दुसऱ्यांना खेळायला बसवतो आणि शेजारी तोंड बंद ठेवून बसतो. ह्याला टेस्टिंग म्हणतात. तोंड बंद ठेवलं की किस्से आपोआप साचतात, आणि आमच्याकडे ते बहुतेक एकाच भुतापायी साचलेत.

ऑफिस इस्लामपुरात, खताच्या दुकानाच्या वर. मालक विक्रमदादा, भूत प्राजक्ताचं. प्राजक्ता कोयनानगरची. आमच्या उड्या मारत पुढे जायच्या गेमसाठी हे भूत तिनं एकटीनं काढलं, चालतं केलं आणि त्याला एक नियम दिला. तुम्ही पाठ फिरवली की ते मागून येणार. तुम्ही वळून बघितलं की जागेवर थांबून दोन्ही हातांनी तोंड झाकणार. एवढंसं भूत, अंगात ढगळ स्वेटर, पायात चपला, पावलं वाकडी. भुताची पावलं उलटीच असतात, म्हणून आम्ही कुणी काही विचारलं नाही.

नियम खेळणाऱ्याला सांगायचा नाही, त्यानंच तो ओळखायचा. इथंच सगळा घोळ झाला.

* * *

पहिले बसले खालच्या खताच्या दुकानाचे बाबूराव. भूत दिसलं आणि बाबूराव जे सुटले ते नाकासमोर. भुतानं मागून धरलं. परत सुटले, परत धरलं. चहा येऊन गार झाला, पण गडी एकदाही मागे वळला नाही. शेवटी न राहवून मी विचारलं, जरा मागे का बघत नाही?

"भूत मागं हाय आन् मी वळून बघू? आईनं काय शिकवलंय मग मला?"

त्यानंतर भाजीवाले झाले, क्लासची पोरं झाली, विक्रमदादाचे सासरे झाले. सगळ्यांच्या आयांनी तेच शिकवलं होतं. आमचा अख्खा वाळवा तालुका भुताच्या हातून मेला, पण मागे कुणी बघितलं नाही.

* * *

आमच्या गेमला पैसे देणारी कंपनी पुण्याची. तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं, शुक्रवारपर्यंत एक जरी माणूस न सांगता भुतापासून वाचून शेवटच्या दारातून पार झाला, तर भूत ठेवू. नाहीतर ते काढा आणि तिथं गडगडत येणारा धोंडा टाका.

घरी प्राजक्ताच्या मागे वेगळंच लागलं होतं. तिचे वडील, अण्णा, म्हणत होते की हे चाळे बंद कर आणि बँकेच्या परीक्षेला बस. इथं आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं ते भूतच होतं. त्याच्या जागी धोंडा येणार म्हटल्यावर ती डबाही उघडेना. मला मनापासून वाईट वाटलं, पण माझं काम तोंड बंद ठेवायचं.

* * *

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी विक्रमदादाच्या ओळखीचे. जैन माणूस, अतिशय सज्जन. बसायच्या आधीच त्यांनी विचारून घेतलं की ह्यात भुताला मारायचं आहे का. भूत मरत नाही म्हटल्यावर ते निवांत झाले.

पण वाटेत किडे असतात. त्यांच्यावर पाय दिला की मार्क मिळतात. शेटजींनी प्रत्येक किडा बघून, तोलून मापून, त्याच्या वरून उडी घेतली. आमच्या गेममध्ये इतक्या सुंदर उड्या कुणी मारल्या नव्हत्या. सगळं लक्ष खाली, त्यामुळे भुतानं आरामात धरलं. मार्क शून्य.

शेटजी खूश. "एकबी मारला न्हाई बघा," म्हणाले, आणि जाताना आम्हाला पेढे देऊन गेले.

* * *

मग विक्रमदादानं डोकं लढवलं. भूत जवळ आलं की स्क्रीन हादरवायची, म्हणजे माणूस दचकून मागे बघेल. प्राजक्तानं दुपारपर्यंत ते केलं. आम्ही डोळे फाडून बघतोय, स्क्रीन काही हलेना. दादा म्हणाला, अगं, हादरा कुठाय?

"हा काय, बसला की आत्ता," प्राजक्ता म्हणाली. "अजून मोठा पायजे? आमच्याकडं एवढ्याला चहाचा कप बी खाली ठेवत न्हाईत."

तिच्या गावात धरणीकंप पाहुण्यासारखा येऊन जातो. तिथल्या माणसाला हादरा द्यायला सांगणं हीच आमची चूक होती.

* * *

गुरुवारी साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार मिळाले. भूत दिसताच ते वळले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. भूत थांबलं, तोंड झाकलं. विक्रमदादानं टेबलाखाली माझा हात दाबला. मागे बघणारा पहिला माणूस!

आम्ही वाट बघतोय. सुभेदार हलेनात. भूतही हलेना. बराच वेळ गेल्यावर मी हळूच विचारलं, पुढे जायचं नाही का?

"दुश्मन समोर असताना पोस्ट सोडायची न्हाई," ते म्हणाले. शेवटी गाडीची वेळ झाली तेव्हा उठले. भुतानं त्यांना हरवलं नाही, एवढं मात्र खरं.

* * *

शुक्रवार उजाडला. मॅडम लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून बसलेल्या, आणि खेळायला माणूस नाही. तेवढ्यात जिना चढून अण्णा आले. पोरीला घरी न्यायला आलोय म्हणाले. विक्रमदादानं त्यांनाच खुर्चीत बसवलं. प्राजक्ता जाऊन खिडकीशी उभी राहिली.

अण्णांना कसलीच घाई नव्हती. थोडं चालले, भूत मागे लागलं. अण्णा थांबले आणि वळले. भुतानं तोंड झाकलं. अण्णा पुन्हा थोडं चालले, पुन्हा वळून बघितलं. असं करत करत गडी पार दारापाशी पोचला. मी जीभ दातांत धरून बसलो होतो. प्राजक्ता कधी खुर्चीमागे येऊन उभी राहिली ते मला कळलंही नाही.

आता फक्त दारात पाय टाकायचा. अण्णा टाकेनात. भुताकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि गप उभे राहिले. भूत आलं, त्यानं धरलं, स्क्रीन काळी झाली.

विक्रमदादानं कपाळावर हात मारला. "आवं अण्णा, एक पाऊल ऱ्हायलं हुतं. थांबला कशाला?"

"ते मागं ऱ्हायलं असतं की," अण्णा म्हणाले. "बघितलं की लाजून थांबतंय. म्हणून तोंड फिरवलं."

माझे डोळे भरून आले, ते मी स्क्रीन पुसायच्या निमित्तानं पुसले. लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला की धोंडा नको, भूतच राहू दे.

अण्णा उठले आणि पोरीला न घेताच जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात थांबून, वळून त्यांनी वर बघितलं.

"प्राजू, त्याला चपला नीट घालाय सांग. डाव्या पायातली उजव्यात घातलीया. ल्हानपणी तुला सांगून मी दमलो, आता ह्याला तू सांग."