उघड्या तळव्यांची माणसे

मालिनीताईंची आणि माझी पहिली भेट बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका छपाईच्या दुकानात झाली. मी तेथे मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका टाइप करीत असे. ताई सरकारी कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी पिशवीतून हस्तलिखित काढले आणि विचारले, "कादंबरी आहे. टाइप करशील?"

"अक्का, माझी आठवीच झाली आहे."

"मी तुला परीक्षेला बसवत नाहीये. एक पान वाच."

आम्ही बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचे जुने मराठी लोक, वडीलधाऱ्या बाईंना अक्काच म्हणतो. ताई मूळच्या पुण्याच्या. त्यांना ते ऐकून हसू आले, आणि त्या दिवसापासून त्या माझ्या अक्का झाल्या.

त्या पानात एक तटबंदीचे गाव होते. गावातल्या काही माणसांचे तळवे अंधारात काजव्यासारखे उजळत. गाव त्यांना 'उजळे' म्हणे, त्यांना हाताला फडकी बांधायला लावी आणि विहिरीवर येऊ देत नसे. वाचून झाल्यावर मी विचारले, "या उजेडाने भाजतं का?"

"नाही."

"मग लोक घाबरतात कशाला?"

"तेच शोधतेय रे," अक्का म्हणाल्या. "उद्यापासून घरी ये."

अक्कांच्या तिन्ही कादंबऱ्या मी टाइप केल्या, त्यांची मुद्रितेही मीच तपासली. एकेक पान मी तीनदा वाचतो. माझा स्वभावच तसा आहे. वाचकांना या कादंबऱ्या ठाऊक आहेतच. मी फक्त त्या घडताना जे पाहिले ते सांगतो. अद्भुत कथांमध्ये ज्यांचा छळ होतो त्यांच्यापाशी बहुधा फार मोठी शक्ती असते. ते आग लावतात, भिंती पाडतात. आमच्या प्रकाशकांनाही तसेच हवे होते. ते फोनवर म्हणाले, "ताई, उजळ्यांच्या हातातून ज्वाळा निघू द्या. जरा थरार येईल."

"मग गावाची भीती खरी ठरेल," अक्का म्हणाल्या. "ज्वाळांना घाबरणारा माणूस शहाणाच असतो. मला उगीच घाबरणारी माणसं लिहायची आहेत. मला तीच जास्त भेटतात."

मलाही तीच भेटली होती. मला लहानपणापासून फिट येतात. म्हणून शाळा सुटली, नंतर दोन दुकानेही सुटली. आमच्या गल्लीतल्या एक काकू मात्र मी शुद्धीवर येण्याची वाट पाहत बसत आणि विचारत, "काही दिसलं का रे? आमच्या सुनंदाचं कधी जमेल?" हे मी एकदा अक्कांना सांगितले.

"आणि तू काय सांगायचास?"

"एकदा कंटाळून सांगितलं, मुलगा उंच आहे."

"मग?"

"उंचच निघाला, अक्का. तेव्हापासून रांग लागायला लागली."

अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे एक तर हाकलायचं, नाही तर कामाला लावायचं. नुसतं बसू म्हणून द्यायचं नाही."

तिसऱ्या कादंबरीचा शेवट आधी वेगळा होता. नायिका रेवा, तीही उजळीच. पुरात सगळे गाव तटाखालच्या भुयारात अडकते, रेवा हातावरची फडकी सोडते, तिच्या उजेडात सगळे बाहेर येतात आणि गाव तिला आपली मानते. टाइप करताना मला रडू आले होते. प्रकाशकही खूश होते.

ते प्रकरण तपासत असतानाच एके दुपारी मला अक्कांच्या दिवाणखान्यात फिट आली. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होतो आणि डोक्याखाली उशी होती. कुणी नाकाला कांदा लावला नव्हता, हातात किल्ल्या कोंबल्या नव्हत्या. अक्का शेजारी फरशीवर बसल्या होत्या, त्या वयात, गुडघे दुखत असताना. हे कामही गेले असे मला वाटले. याआधी प्रत्येक ठिकाणी तसेच झाले होते. मी घाईघाईने म्हणालो, "अक्का, उरलेली पानं आजच संपवतो. पुढच्या पुस्तकाचं टायपिंग फुकट करून देतो."

"का?"

"म्हणजे तुम्ही मला ठेवून घ्याल."

अक्का गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि कॉफी घेऊन आल्या. मग इथल्या कन्नड ढंगाने म्हणाल्या, "स्वल्प कॉफी घे." आणि मी कॉफी पीत असताना त्यांनी शेवटच्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली.

"अक्का, हे काय! किती छान होतं."

"छानच होतं. पण पूर आला नसता तर त्या पोरीने काय करायचं होतं? जन्मभर फडकी बांधून बसायचं?"

नव्या शेवटात पूर नाही. रेवा संध्याकाळी ओट्यावर उघड्या हातांनी वाटाणे सोलत बसते. शेजारीण येते, थोडी घुटमळते, मग टोपलीच्या दुसऱ्या बाजूला बसून सोलू लागते. प्रकाशकांनी विचारले, "पण तिने गावासाठी केलं काय?" अक्का म्हणाल्या, "काही नाही. छापायचं तर असंच छापा." पुस्तक तसेच छापले गेले, आणि मी आजही अक्कांकडेच काम करतो.

हल्ली अक्कांचा हात थरथरतो. त्यांनी सांगावे आणि मी लिहून घ्यावे, तर त्यांचे वाक्य मध्येच निसटते. चौथी कादंबरी दुसऱ्या प्रकरणावर थांबली आहे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "नको रे. माझ्याकडून आता काही होणार नाही. कशाला एवढा घाट?"  याचे उत्तर तोंडाने देणे मला जमत नाही, म्हणून येथे लिहितो.

अशा लेखाच्या शेवटी लेखणी अखंड चालत राहो असे म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. अक्का, तुम्हाला खूप आयुष्य लाभो, गुडघे कमी दुखोत, झोप शांत लागो. चौथे पुस्तक झाले तर मी टाइप करीन. नाही झाले, तरी मी रोजच्या वेळेला येईन. वाटाणे घेऊन येतो. आपण गॅलरीत सोलत बसू.