दोन विती केस

केस किती वाढले हे आरशाला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. आमच्याकडं ते आई सांगते. रविवारी न्हाणं झालं की मला दारातल्या उजेडात पाठमोरी उभी करायची, मानेच्या हाडावर अंगठा टेकवायची आणि तिथून खाली विती टाकत यायची. उरलेलं बोटांत. मग आत बाबांना ऐकू जाईल असं जाहीर करायची, "दीड वीत आणि तीन बोटं." बाबा पेपरमागून "बरं" म्हणायचे. काय बरं, ते त्यांनाही माहीत नसायचं.

हे सगळं टायफॉइडमुळं. बारावीनंतर मला टायफॉइड झाला आणि केस असे गळायला लागले की उशीवर मांजर झोपून गेलंय असं वाटायचं. शेवटी आईनंच डोळे पुसत मला पार्लरमध्ये नेलं आणि बॉयकट करून आणलं. ती रस्ताभर रडत होती आणि मी रिक्षाच्या आरशात बघून खूश होते, कारण आरशात मला आमच्या गल्लीतले आबा दिसत होते. टोपी घातली की आबा. शिट्टी घेतली की एसटीचा कंडक्टर. गॉगल कपाळावर चढवला की भुशी धरणावर भिजायला आलेला आणि एक चप्पल वाहून गेलेला पाहुणा. नकला मी शाळेपासूनच करायचे, पण तेव्हा मध्ये वेण्या यायच्या. लाल रिबिनीतले मुख्याध्यापक कोणाला पटणार?

पण केस काय, वाढतातच. त्यात आईनं जास्वंद, माका, कढीपत्ता, परसात जे हिरवं दिसेल ते तेलात उकळून माझ्या डोक्यावर ओतलं. बेगडेवाडीला मी लोकलमध्ये चढले की शेजारची बाई न बोलता खिडकीकडं सरकायची.

बीकॉम झाल्यावर मी एका ऑफिसात लागले आणि शनिवारी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर, लोक जेवत असताना, नकला करायला लागले. तिथं आबांना सगळ्यात जास्त हशा. पण केस वाढले तशी आबांची तब्येत बिघडली. केस वर बांधून त्यावर टोपी घालायचे, तर ती डोंगराच्या टोकावर अडकलेल्या होडीसारखी दिसायची. एकदा आबा खोकले आणि टोपी एका पाहुण्याच्या सोलकढीत पडली. पाहुणे हसले. मॅनेजर हसला नाही.

"आबांना अंबाडा का आहे?" त्यानं विचारलं.

"वाढलेत केस."

"मग काप. दिवाळीच्या गर्दीला मला आबा नीट पाहिजेत. नाही जमणार तर तसं सांग, एक जादूगार रोज फोन करतोय."

घरी येऊन मी सांगून टाकलं की केस कापणार. आई मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आधी फोटो. मग काय करायचं ते कर."

फोटो म्हणजे बायोडेटाचा. तो आईच्या डोक्यात कधीच काढून झाला होता. मोरपंखी साडी, वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, नजर जराशी खाली. टायफॉइडच्या आधी तो काढायचा राहिला म्हणून तिला अजून हळहळ होती.

"मला आत्ता लग्न नाही करायचं."

"लग्नाचं कोण बोलतंय? मी फोटोचं बोलतेय."

"काढ मग, आत्ता काढ."

"एवढ्याशा केसांत? वेणी पुढं घेतली तर खांद्यावरच संपेल."

हे चालू असताना बाबांना पेपर वाचता येईना. म्हणून त्यांनीच तोडगा काढला. दिवाळीआधीच्या रविवारी मोजायचं. दोन विती भरल्या तर केस राहणार आणि फोटो निघणार. नाही भरल्या तर कापायचे आणि कोणी रडायचं नाही.

त्या वेळी आईच्या मोजणीत पावणेदोन भरत होत्या. म्हणजे आबांचा जीव तीन बोटांवर लटकत होता.

मग आम्ही दोघींनी लबाडी सुरू केली. ओले केस लांब दिसतात, म्हणून आई मला टॉवेलच द्यायची नाही. मी झोपताना बारीक बारीक वेण्या घालायचे, सकाळी केस शेवयांसारखे आखडून बसायचे. मान मागं टाकली की केस बोटभर खाली उतरतात, हा शोध आईला लागला. ती म्हणायची, "वर बघ, पंख्याकडं." मी पायाच्या नखांकडं बघायचे. आई हनुवटीखाली हात घालून माझं तोंड वर करायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणी बकरीला औषध पाजतंय.

"तुम्हाला पंच लागेल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बेडश्याहून आत्याला बोलावलं. आत्या त्यांची थोरली बहीण. तिच्या शब्दापुढं घरात कोणी जात नाही. ठरलेल्या रविवारी ती आली तशी आईनं तिला आलं घालून चहा दिला आणि मी लोणावळ्याहून आणलेली चिक्की पुढं केली. आत्यानं चहात बुडवून चिक्की खाल्ली आणि दोघींकडं सारख्याच प्रेमानं बघितलं.

"हां, कुटनं मोजायचं?"

आईनं मानेचं हाड दाखवलं. मी लगेच मान खाली घातली.

"सरळ हुबी ऱ्हा, माकडा. न्हाई तर कपाळापासनं मोजीन."

आत्यानं हात फाकवला. जन्मभर भाताची लावणी केलेला हात तो, सुपाएवढा. पहिल्याच वितीत तिची करंगळी पाठीच्या मध्यावर गेली. दुसरी वीत टाकली तर केस संपले आणि बोटं नुसती माझ्या ड्रेसवर.

"न्हाई भरत," आत्या म्हणाली. "लय कमी पडत्यात."

"वन्सं, हात जरा आवळून घ्या ना."

"आवळू कशी? माझी वीत हाय ती हाय."

"वीत माझी ठरली होती. हे बघा." आईनं स्वतःचा छोटासा हात लावला. एक, दोन, काटेकोर भरल्या. ठरवताना वीत कोणाची, हे कोणीच बोललं नव्हतं. बाबा चप्पल घालून कोपऱ्यावर गेले.

"आत्या, आई कशी भरवते ते बघायचंय तुला?" मी म्हणाले आणि ओले केस खांद्यावरून पुढं घेतले. पिळून पाणी काढलं, पदर नव्हता तरी खोचला. "वर बघ. अगं वर. पंख्याला काय पाय फुटलेत? बघ ना तिकडं."

आत्याला ठसका लागला. "आगं बया, हीच की ती. चालतीबोलती."

मलाही ते नवीन होतं. आईची नक्कल मला कधीच जमली नव्हती. आवाज यायचा, आई यायची नाही. आता करता करता कळलं, आई सगळं केसांनीच बोलते. चिडली की अंबाडा करकचून बांधते. विचारात पडली की टोक बोटाला गुंडाळते. वाईट फोन आला की केस आपोआप सुटतात तिचे. बॉयकटमध्ये मी हे कुठून आणणार होते?

आई हसली नाही. आत गेली आणि ब्लाउज बेतायची कात्री घेऊन आली.

"बस खुर्चीवर. वन्संनी मोजलंय, नाही भरलं. मी शब्दाला पक्की आहे. आणि घरात दोन-दोन मी नकोत मला."

मी बसले. जिंकले होते. कात्री मानेला गार लागली.

"किती ठेवू?"

"थांब जरा."

"आता काय?"

"मॅनेजरला विचारते, आबांच्या ऐवजी तू चालशील का."

आईनं कात्री मानेवरून बाजूला घेतली. आत्या बोलली, "चालंल की. पैसं दिऊन बगतील लोक."

मी मेसेज टाकला. 'आबा नाही, आई आणू का? केस मोजणारी.' मॅनेजर मोबाइलवरच बसलेला असावा. 'शनिवारी दाखव. आबांपेक्षा हसवलं तर दिवाळी तुझी.'

"म्हणजे तू मला लोणावळ्यात नेऊन लोकांना हसवणार," आई म्हणाली.

"हो."

तिनं केसांचं टोक बोटाला गुंडाळलं. आत्यानं मला कोपर मारलं. आईच्या ते लक्षात आलं आणि तिनं बोट सोडवून घेतलं.

"पंख्याला पाय फुटलेत असं मी कधी म्हणाले?"

"मागच्या रविवारी."

"म्हणाले असेन. पण मी असं नाकात बोलत नाही."

"बोलतीस," आत्या म्हणाली.

"वन्सं, तुम्ही चिक्की खा." आईनं कात्री खिडकीत ठेवली आणि समोर स्टुलावर बसली. "कापू नको मग. माझं करायचं तर केस पाहिजेत. पण जे करशील ते नीट कर. ऊठ, परत दाखव. आणि चिडल्यावर मी अंबाडा एका हातानं बांधते. दुसऱ्या हातात लाटणं असतं माझ्या."