अंबू माषांचा सतरावा धडा

नोकरीच्या चौथ्याच दिवशी रिजेशने शाळेतले चौदाही संगणक पुसून काढले. फडक्याने नव्हे, आतलं सगळं काढून टाकलं आणि कोरं नवं बसवलं. पदवी ताजी होती, आणि ताज्या पदवीला आल्याआल्या कुठेतरी झाडू मारल्याशिवाय चैन पडत नाही. तीन नंबरच्या यंत्रात 'पंचे' नावाचं एक फोल्डर दिसलं होतं. केरळातलं कण्णूरकडचं गाव, घरटी माग. कुणीतरी पंच्यांचे नमुने शाळेच्या माथी मारले असतील, असं म्हणून त्याने तेही उडवलं.

दुपारी नववीचा वर्ग आला. पुढच्या बाकावरची फर्सीना तीन नंबरसमोर बसली आणि गोंधळून वळली.

"सर, पंचे कुठे गेले? गेल्या वर्षी सहा झाले. आज सातवा."

"पंचा काय शिकायची गोष्ट आहे?"

वर्ग हसला. मग पंचे म्हणजे काय ते फर्सीनाने सांगितलं, आणि सरांचा चेहरा उतरला तसं हसू विरलं. पंचे म्हणजे आधीच्या शिक्षकांचे, अंबू माषांचे धडे होते. तिकडे मास्तरांना माष म्हणतात. एकूण सतरा. मुलं उघडून उद्योग करतील म्हणून माषांनी फोल्डरला असं नाव दिलं होतं, की कुणाला उघडावंसंच वाटू नये. मुलांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. फसला तो एकटा रिजेश.

अंबू माष मुळात संगणकाचे नव्हतेच. चाळियांच्या, म्हणजे विणकरांच्या, गल्लीतला हा माणूस शाळेत विणकाम शिकवायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी सरकारने विणकामाचा तास बंद केला आणि सांगितलं, कारकून व्हा नाहीतर दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन संगणक शिकवा. माषांनी संगणक घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी माउस मागावरच्या धोट्यासारखा डावीकडून उजवीकडे फेकला, अशी गोष्ट शाळेत अजून सांगतात. पण पुस्तकातली आज्ञावली मुलांच्या डोक्यावरून जाते हे पाहून त्यांनी स्वतःचे धडे लिहिले. चार वेळा पांढरा, दोन वेळा लाल, काठ येईपर्यंत हेच पुन्हा. धागा तुटला तर थांब, नाहीतर पुढे. ज्यांच्या घरात दिवसभर मागाची खटखट चालायची, त्या पोरांना संगणक एका महिन्यात कळायला लागला. अकरा वर्षं हे चाललं आणि मेमध्ये माष निवृत्त झाले.

धड्यांची दुसरी प्रत नव्हती. विणकर नमुन्याची प्रत ठेवत नाही. नमुना डोक्यात असतो, आणि शिकायचा तो शेजारी बसून. आता ते सतरा धडे एका डोक्यात होते, आणि माषांचे हात कापायला लागले होते.

शनिवारी रिजेश त्यांच्या ओटीवर जाऊन उभा राहिला. माषांच्या बायकोने, माधवीअम्माने, त्याला कोरा चहा दिला. तो हातात तसाच निवला.

"सगळे गेले?" माषांनी विचारलं.

"सगळे."

"बरं झालं. शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या त्यात."

एवढं बोलून ते अंगणातल्या आंब्याकडे पाहत राहिले. अकरा वर्षं कुणी अशी उडवली तर शिव्या तरी द्यायच्या असतात, असं रिजेशला वाटत राहिलं. माष उठले.

"बस मागावर."

"मी? मला नाही येत."

"तेच म्हणतोय. न येणाऱ्याला कळलं, की वर्गातल्या पोरांना कळतं. पदवी चपलांशेजारी ठेव आणि बस."

मग दर शनिवारी हाच नेम. माष सांगायचे, रिजेश विणायचा, चुकायचा, उसवायचा. कळलं की मांडीवर वही घेऊन लिहून काढायचा, आणि सातव्यापासून पुढचा प्रत्येक धडा सोमवारी नववीला द्यायचा. "पोरा, तुझ्या पायांत आणि मागाखालच्या पावड्यांत काय भांडण आहे?" असं माषांनी किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. सहावा झाला, दहावा झाला. बाराव्याला माषांच्या हातून धोटा निसटला. त्यानंतर त्यांनी धोटा धरला नाही, फक्त बोलून सांगितलं. त्यांना धापही लागायला लागली होती. प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे असताना सोळावा संपला.

"सतरावा सांगा, माष."

"सतरावा तू सांग." माष खाली बघत म्हणाले. "पडद्यावर झाड काढायचा धडा. एक फांदी काढायची, तिने स्वतःसारख्याच दोन लहान फांद्या काढायच्या, त्यांनी आणखी दोन. तो मी प्रशिक्षणातल्या कागदावरून उतरवला होता. अकरा वर्षं शिकवला. पोरांची झाडं आली. मला कधी कळला नाही."

"सोपं आहे, माष. फांदी फार लहान झाली की थांबायचं."

"ते कागदावरही होतं. मागावर मी मधेच उठलो तर खूण म्हणून दोरा बांधून जातो. इथे फांदीच्या आत फांदी, तिच्या आत फांदी. टोकाला जाऊन परत यायचं, तर कुठली अर्धी राहिलीय हे कोण लक्षात ठेवतं? दोरा कोण बांधतं?"

रिजेशला उत्तर ठाऊक होतं. इंग्रजीत. पदवीच्या परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. त्याने वहीत चौकोन काढले, ताटांवर ताटं रचायची आणि सगळ्यात वरचं आधी उचलायचं, असं सांगितलं. माष मन लावून ऐकत राहिले आणि मग मान हलवली.

"हे तुला येतं. सांगता येत नाही."

"पुढच्या शनिवारी सांगतो."

"सांग. शिकवून मोकळा झालो, आता एकदा शिकून बघू."

बुधवारी पहाटे माष गेले.

परीक्षा झाली. नववीच्या झाडांना फांद्या आल्या. कागदावर होतं तसंच रिजेशने शिकवलं होतं. फर्सीनाने विचारलं, "सर, हे मागावर कसं?" तो म्हणाला, "माहीत नाही."

परीक्षेनंतरच्या शनिवारी तो माषांच्या घरी गेला. माग जुन्या लुंगीने झाकला होता. माधवीअम्माने चहा पुढे ठेवला.

"तू त्यांचं काहीतरी देणं लागतोस म्हणे. गेले त्याच्या आदल्या दिवशी म्हणत होते, शनिवारी पोरगा देणार आहे. मला सांग. मीही चाळीस वर्षं मागावर बसलेय."

रिजेशने सुरुवात केली. या वेळी चौकोन काढले नाहीत, मागावरूनच सांगितलं. अर्ध्यावर माधवीअम्माने त्याला थांबवलं.

"इथवर कळलं. पुढचं नाही."

रिजेशने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागला, तेव्हा ती रिकामा पेला उचलून उठली.

"आज राहू दे. पुढच्या शनिवारी ये," ती म्हणाली.