कंपनीने घेतलेला रविवार

भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. विजेचा भार विभागला जावा म्हणून निरनिराळ्या भागांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून दिलेले होते आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला होता. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला ही व्यवस्था अगदी तर्कशुद्ध वाटे. आमच्या वडिलांचा मात्र तिने रविवार काढून घेतला होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात ते ख्रिस्ती मंडळीचे पंच होते आणि रविवारी देवळाची घंटा त्यांच्याच हातून वाजे. इकडे येऊन ते एका कंपनीत लेथवर लागले. पुण्याच्या चर्चमधली मराठी उपासना रविवारी सकाळी भरे, त्या वेळी ते बहुधा यंत्रापुढे उभे असत. एकदा रात्रपाळी संपवून ते तसेच बसने पुण्याला गेले आणि प्रवचन चालू असताना बाकावर झोपले. कुणीतरी खांदा हलवून त्यांना जागे केले. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर ते पुन्हा गेले नाहीत. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेऊन त्यांना वर्ष उलटले होते.

एका संध्याकाळी त्यांनी घरात सांगून टाकले, "ईस्टर झाला की राजीनामा देतो. गावी जाऊ. जिथं प्रभूच्या मेजाशी बसता येत नाही, तिथली भाकर अंगी लागत नाही."

मी तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला एम. एस्सी. करायचे होते. गावी जाणे म्हणजे ते स्वप्न संपणे. आई चुलीपासून न उठता मला म्हणाली, "एवढी शिकलीस ना? मग काढ की काहीतरी तोड."

तेव्हा गुरुवारच्या उपासनेचा जन्म निखळ भक्तीतून झाला, असे मी म्हणणार नाही. पण अडचण खरी होती आणि ती एकट्या दादांची नव्हती. आमच्या ओळखीची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबे अशीच रविवारावाचून दिवस काढत होती.

मी प्रश्नाचे दोन भाग केले. वार हा एक आणि पाळक, म्हणजे उपासना चालवणारे चर्चचे धर्मगुरू, हा दुसरा. वार आपल्याला बदलता येण्यासारखा होता, पाळक आपल्या हाती नव्हते. याचा अर्थ, प्रवचनावाचून उभी राहील अशी उपासना हवी होती. मी सुचवले ते असे: एक गीत म्हणावे, बायबलमधल्या शुभवर्तमानातला एक उतारा वाचावा, काही वेळ शांत बसावे आणि मग त्या उताऱ्याने आपल्याला कुठे अडवले, ते ज्याने त्याने सांगावे. बायकांनीसुद्धा.

"ही उपासना की गप्पांचा फड?" दादांनी विचारले. तरी गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःच खोलीतली खाट बाहेर काढली आणि सतरंजी अंथरली.

दिघीच्या रस्त्याला आमची ती पत्र्याची भाड्याची खोली. पहिल्या गुरुवारी कुणीच बोलले नाही. दुसऱ्या गुरुवारी मार्था आणि मरियेचा उतारा होता: मरिया प्रभूच्या पायांशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकात गढून जाते आणि बोल मार्थेलाच लागतो. शांततेनंतर एका वेल्डरची बायको पदर सावरत म्हणाली, "मला एक कळत नाही. रांधलेलं सगळेच जेवले असतील ना? मग त्या मार्थेला एक चांगला शब्द बोलायला काय हरकत होती?"

तिचा नवरा कावराबावरा झाला. "अगं, प्रभूविषयी बोलतीयेस तू!"

"मग? त्यालाच विचारतीये."

सगळे दादांकडे पाहू लागले, कारण जुने पंच तेच होते. दादांनी बराच विचार केला. "तिला बसायचं नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "तिची त्या दिवशी दिवसपाळी होती."

खोली हसली. दादा हसले नाहीत. ते काय बोलले होते, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आले आणि हसणे विरत गेले. पुढच्या गुरुवारपासून कुणाला बोला म्हणावे लागले नाही.

शेजारी मात्र वेगळाच निष्कर्ष निघाला होता. घरमालकीणबाईंनी आईला गाठून विचारले, "तुमी बी गुरुवार धरला व्हय? लई चांगलं केलं. दत्त म्हाराज पावतो." आणि त्यांनी कौतुकाने वाटीभर शेंगदाण्याचे लाडू पाठवले, उपासाला चालणारे. आईने हसून ते घेतले. पण ही वार्ता फिरत फिरत पुण्याला पोहोचली आणि लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, एका गुरुवारी पाळकसाहेब स्वतः दारात उभे राहिले.

ते रागावलेले नव्हते, चिंतेत होते. दाराशी बसून त्यांनी सगळी उपासना ऐकली. नंतर म्हणाले, "आज कंपनीनं वार दिला म्हणून गुरुवार. उद्या दुसरी कंपनी सोमवार देईल. मग एक मंडळी म्हणून आपण उरणार कुठं?"

मी तयारीत होते. पहिल्या शतकातले विश्वासणारे रोज घरोघरी भाकर मोडत असत, विजेच्या नियोजनावर आपला ताबा नाही, आणि वाराहून एकत्र येणे महत्त्वाचे, असे मुद्दे मी क्रमाने मांडले. ते प्रत्येक मुद्द्याला "खरं आहे, बाळ" म्हणत आणि होते तिथेच राहत. शेवटी त्यांनी दादांना विचारले, "तुमचं म्हणणं काय?"

"मला रविवारच हवाय, साहेब," दादा म्हणाले. मी चमकले. माझी सगळी मांडणी त्यांनी एका वाक्यात बाजूला सारली होती. "गुरुवार म्हणजे रविवार नव्हे. पण माझा रविवार कंपनीनं घेतलाय. म्हणून मी उपाशी किती दिवस राहायचं?"

 पाळकसाहेबांनी आईकडे पाहिले. "बाई, घरात भाकर आहे?"

"सकाळची आहे. ज्वारीची."

"आणि मनुका?"

गावी प्रभुभोजनाचा रस मनुका उकळून आईच करत असे. तिला दुसरे काही सांगावे लागले नाही. वेल्डरची बायको घरी जाऊन मूठभर मनुका घेऊन आली, स्टोव्ह पेटला आणि रस निवेपर्यंत आम्ही सारे गीते म्हणत बसलो. पाळकसाहेब भाकरीवर हात ठेवून म्हणाले, "प्रभूनं शिष्यांसाठी भाकर मोडली, ती रात्रही गुरुवारचीच होती. पुण्याच्या पंचांना काय उत्तर द्यायचं ते मी देईन."

दादांनी भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला. नखांच्या कडांना मुरलेले यंत्राचे तेल त्यांनी लपवले नाही. स्टीलचे फुलपात्र हातोहात फिरले. कितीतरी वेळ कुणी डोळे उघडले नाहीत.

निघताना पाळकसाहेबांनी विचारले, "दर महिन्याला यायचं म्हटलं, तर चालेल तुम्हाला?"

माझे सारे लक्ष दादांच्या उत्तराकडे लागले होते. ईस्टर अवघ्या काही दिवसांवर आला होता आणि राजीनाम्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नसले, तरी ते मागेही घेतले नव्हते.

दादांनी वर छताकडे पाहिले. "या, साहेब. फक्त पावसाळ्यात ही खोली गळते. तोवर पत्रा बदलून घेतो. एवढी माणसं बसायची म्हणजे कोरडी जागा हवी."

आईने फुलपात्र विसळता विसळता माझ्याकडे एकदा पाहिले. मग दादांना म्हणाली, "घरमालकीणबाईंना आजच सांगा. नाहीतर विसराल."