जाळ्याची पांढरी कड

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. हे वहीत माझ्यापुरतंच लिहिते, पण चुकून कोणी वाचलंच तर.

सोमवारी इरफानने मला त्याच्या स्क्रीनपुढे बसवलं. गेममधली होडी, तिच्यावर वाळत टाकलेलं निळं जाळं आणि प्रत्येक दोऱ्याला पांढरी कड.

"ताई, ये देखो. कटिंग साफ नाय."

"एकेक दोरा कापलाय मी," मी म्हणाले.

बोईसरला मीनल मॅडमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे मोबाईलचे गेम बनतात. इरफान प्रोग्रामर. फोटोतलं नको ते पुसणं, म्हणजे कटिंग, हे माझं काम. होडीवर लाकडाचं चित्र चढवतात, त्याला टेक्स्चर म्हणतात. त्यावर जाळ्याचं दुसरं चित्र ठेवायचं. जाळ्याची भोकं ट्रान्सपरंट, म्हणजे त्यांतून खालचं लाकूड दिसायला हवं. जाळ्याचा फोटो आम्ही जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर जाऊन काढला होता.

मी एक महिन्याच्या ट्रायलवर होते. शुक्रवारी पार्टी, म्हणजे गेम बनवून घेणारं गिऱ्हाईक, काम बघायला येणार होती. तोवर जाळं जमलं नाही, तर कटिंग बाहेर द्यायचं आणि मी घरी बसायचं, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

दोन दिवस पुन्हा कापलं. कड तशीच. बुधवारी इरफानने वैतागून ट्रान्सपरंट बंद करून पाहिलं. सगळी भोकं पांढरीशुभ्र.

"ये सफेद किसने भरा?"

"मी. फाईल स्वच्छ राहावी म्हणून. दिसणार तर नाय ना?"

त्याने कपाळावर हात मारला. मग समजावलं. चित्र लहानमोठं करताना कॉम्प्युटर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतो. दोरा संपतो तिथे तो भोकातलं लपलेलं पांढरंही थोडं उचलतो.

मला कुंभवलीच्या कारखान्यातलं प्रिंटिंग टेबल आठवलं. कापडावर छपाई करण्यात माझी अकरा वर्षं गेली. दोन रंग शेजारी आले की फिका रंग गडद रंगाखाली थोडा सरकवायचा. नेमकी कडेला कड लावली आणि कापड हललं, तर मधून पांढरं दिसतं.

"मग भोकात दोऱ्याचाच निळा भरू," मी म्हणाले. "मिसळला तरी निळाच मिसळेल."

"ताई, पहले क्यों नहीं बोला?" इरफान म्हणाला.

"तुमी विचारलं नाय."

मागे मॅडम खळखळून हसल्या. ही रीत जुनीच आहे, तिला ब्लीड म्हणतात, हे इरफानने नंतर सांगितलं. मी काही नवीन शोधलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कड गेली.

मॅडमनी विचारलं, "चूक कोणाची होती?"

माझी मान खाली गेली. इरफान म्हणाला, "मेरी. ताईला सांगायला पायजे होतं, सांगितलं नाय."

ते त्याला म्हणायची गरज नव्हती. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

शुक्रवारी पार्टीने जाळं मोठं करकरून पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या चित्राकडे गेली. आमच्या कामात तेच कौतुक. शनिवारी मॅडमनी माझं नाव हजेरीच्या वहीत पेनाने लिहिलं. तोवर पेन्सिलीने होतं.

आता न दिसणाऱ्या जागी काही भरायचं असलं, तरी आधी विचारते.